दगड, पाणी आणि धूळ : स्थायू-द्रायूंचे प्राथमिक भौतिकशास्त्र

शालेय पाठ्यपुस्तकांत स्थायूची ओळख निश्चित आकार व निश्चित आकारमान असलेला पदार्थ अशी करून दिली जाते, तर द्रवाची ओळख आकारमान कायम ठेवून भांड्याचा आकार घेणारा पदार्थ अशी. हे वर्णन खोटे नाही, परंतु त्यात कारण नाही. आणि कारण नसल्यामुळे पुढच्या इयत्तांत येणारी स्थितिस्थापकता, द्रवाचा दाब, प्लावक बल, विष्यंदिता ही प्रकरणे विद्यार्थ्याला एकमेकांशी नाते नसलेल्या सूत्रांच्या याद्या वाटू लागतात. वस्तुतः या सर्व प्रकरणांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. पदार्थाचा एक थर लगतच्या थरावरून सरकवू पाहणारे बल लावले असता तो पदार्थ स्थिर राहून त्या बलाला तोंड देऊ शकतो की नाही, हा तो प्रश्न होय. जो देऊ शकतो तो स्थायू. जो स्थिर असताना असे बल मुळीच पेलू शकत नाही, मग ते कितीही अल्प असो, तो द्रायू. द्रायू या वर्गात द्रव आणि वायू या दोहोंचा समावेश होतो. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन एवढेच आहे, आणि त्याची साक्ष काढण्यासाठी झाशीच्या परिसराइतकी सोयीची भूमी क्वचितच सापडेल.

झाशीहून ललितपूरच्या दिशेने दक्षिणेकडे निघाले असता बिजौली लागते. येथे औद्योगिक क्षेत्र आहे, झाशी-भोपाळ लोहमार्गावरील स्थानक आहे, आणि पायाखाली बुंदेलखंडाचा ग्रॅनाइट आहे, ज्याचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे मानले जाते. १७४२ साली मराठ्यांचे सुभेदार म्हणून नारो शंकर झाशीत आले आणि ओरछाच्या वीरसिंह देवाने १६१३ मध्ये बांगरा टेकडीवर उभारलेल्या किल्ल्याचा त्यांनी विस्तार केला, तेव्हा सह्याद्रीतून आलेल्या माणसांना येथे वेगळाच दगड हाताळावा लागला असला पाहिजे. दख्खनचा काळा बेसाल्ट हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृष्ठभागावर वाहत आलेल्या लाव्ह्यापासून झालेला, बारीक कणांचा खडक. ग्रॅनाइट मात्र जमिनीच्या पोटात अतिशय सावकाश थिजलेला, त्यामुळे त्यातील स्फटिक नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतके मोठे झालेले असतात. काचेसारखे करडे दिसते ते क्वार्ट्झ, गुलाबी किंवा पांढरे ते फेल्डस्पार आणि चकचकणारे काळे पापुद्रे ते अभ्रक. हे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात, आणि स्फटिकाच्या आत अणू ठरावीक रचनेत बांधलेले असतात. अणूला त्याच्या जागेवरून किंचित हलवले तर शेजारचे अणू त्याला परत ओढतात किंवा ढकलतात. स्थायूचा आकार टिकतो तो याच ओढाताणीमुळे.

या ओढाताणीचे मोजमाप करण्यासाठी दोन राशी लागतात. एकक क्षेत्रफळावर येणाऱ्या आंतरिक बलाला प्रतिबल म्हणतात व ते पास्कल या एककात, म्हणजे दर चौरस मीटरला किती न्यूटन, असे मोजतात. लांबीत झालेल्या बदलाचे मूळ लांबीशी असलेले गुणोत्तर म्हणजे विकृती, आणि ते गुणोत्तर असल्यामुळे तिला एकक नाही. विकृती लहान असेपर्यंत ती प्रतिबलाच्या प्रमाणात असते, हा नियम रॉबर्ट हुक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केला आणि प्रतिबल भागिले विकृती या गुणोत्तराला टॉमस यंग यांचे नाव पुढे मिळाले. पोलादाचा यंगचा गुणांक सुमारे २०० अब्ज पास्कल आहे, ग्रॅनाइटचा साधारणपणे ५० ते ७० अब्ज. अर्थात सारखेच प्रतिबल दिले तर ग्रॅनाइट पोलादापेक्षा तीन-चार पट अधिक दबतो. कडक म्हणून दगडाची ख्याती असल्याने ही गोष्ट विद्यार्थ्यांना सहसा खरी वाटत नाही.

गुणांक म्हणजे ताकद नव्हे, हे येथेच स्पष्ट केले पाहिजे. पदार्थ किती दबतो हे गुणांक सांगतो. कोणत्या प्रतिबलाला तो मोडतो हे सांगणारी राशी वेगळी. चांगल्या ग्रॅनाइटला चिरडण्यासाठी दीडशे मेगापास्कलच्या आसपास प्रतिबल लागते (मेगापास्कल म्हणजे दहा लाख पास्कल). ग्रॅनाइटची घनता दर घनमीटरला सुमारे २,६५० किलोग्रॅम धरली, तर दहा मीटर उंच तटाच्या तळाशी त्याच्या स्वतःच्या वजनाने येणारे प्रतिबल केवळ पाव मेगापास्कलच्या आसपास भरते. म्हणजे केवळ चिरडण्याचा विचार केला तर तट पाच किलोमीटरहून उंच नेला तरी तळाचा दगड टिकावा. अशी भिंत कोणी बांधत नाही, कारण ती चिरडण्याआधी कलते, पाया खचतो, सांधे उघडतात. जुन्या बांधकामांचा नाश दगड चिरडून क्वचितच झाला आहे; तो बहुधा दगड एकमेकांपासून दूर ओढले गेल्याने झाला आहे.

कारण ओढण्याच्या बाबतीत दगड अगदीच दुबळा. ताण देऊन ग्रॅनाइट तोडण्यास लागणारे प्रतिबल दाबून चिरडण्याच्या प्रतिबलाच्या दहाव्या ते विसाव्या भागाइतकेच असते. पाथरवटांना हे सूत्रावाचून ठाऊक आहे. मोठी शिळा फोडायची तर ते तिच्यावर घणाचे अंदाधुंद घाव घालत नाहीत. एका रेषेत भोके पाडतात, प्रत्येक भोकात लोखंडी पाचर बसवतात आणि सर्व पाचरींवर क्रमाने घाव घालत जातात. पाचर आपल्या उतरत्या बाजूंमुळे खालच्या दिशेच्या घावाचे रूपांतर आडव्या रेट्यात करते, भोकांच्या रेषेवर दगड ताणला जातो आणि ठिणगी न उडता शिळेची सरळ दोन शकले होतात. ताणाखाली दगड इतका कमकुवत का, याचे उत्तर ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२० मध्ये काचेच्या धाग्यांवर प्रयोग करून दिले. प्रत्येक ठिसूळ पदार्थात सूक्ष्म भेगा असतात, ताण दिला की भेगेच्या टोकाशी प्रतिबल अनेक पटींनी एकवटते, आणि भेग थोडी वाढली की टोकाशी प्रतिबल आणखी वाढून ती धावत सुटते. उलट दाब दिला की भेगा मिटतात. पोलादात भेगेच्या टोकाशी असलेल्या स्फटिकांतील अणूंचे थर एकमेकांवरून किंचित सरकून टोक बोथट करतात, म्हणून पोलाद वाकते आणि ग्रॅनाइट तडकतो. सरकण्याचा प्रश्न असा स्थायूच्या पोटातही आहेच.

बिजौलीवरून जाणाऱ्या रुळांत पोलादाच्या याच गुणांची रोजची परीक्षा होते. झाशीत उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सियसच्या वर जातो, उन्हात तापलेला रूळ हवेपेक्षाही कितीतरी तप्त होतो आणि हिवाळ्याच्या पहाटे तोच रूळ गारठतो. जोडून अखंड केलेला रूळ प्रसरण पावू शकत नाही. स्लीपर आणि खडी त्याला धरून ठेवतात. ज्या तापमानाला रूळ ताणमुक्त बसवला त्यापेक्षा तो ४० अंशांनी अधिक तापला, तर रोखलेली विकृती दहा हजारात साडेचार भागांच्या जवळपास असते, तिला यंगच्या गुणांकाने गुणल्यास सुमारे ९५ मेगापास्कल प्रतिबल येते, आणि साठ किलो वर्गातील रुळाचे छेदक्षेत्र सुमारे ७७ चौरस सेंटिमीटर असल्याने एका रुळात सत्तर टनांहून अधिक वजनाइतके दाबबल साठते. हे बल रुळाच्या लांबीवर मुळीच अवलंबून नसते. ते अनावर झाले की रूळ बाजूला वळतो. त्याला अडवून धरते ती रुळाच्या दोन्ही बाजूंना भरलेली दगडाची खडी, जिचे धारदार कोपरे एकमेकांत अडकून खडीला सरकू देत नाहीत. गोल गुळगुळीत गोट्यांची खडी या कामी निरुपयोगी ठरते.

आता पाण्याकडे वळता येईल. पत्त्यांच्या जोडाच्या वरच्या पानाला बोटाने हळूच ढकलले असता पाने एकमेकांवरून सरकत जातात. अशा तऱ्हेने थरांना परस्परांवरून सरकवणाऱ्या प्रतिबलाला कर्तन प्रतिबल म्हणतात. पाण्याचे रेणू एकमेकांच्या अगदी जवळ असतात, म्हणून पाणी दाबले तरी आकारमानात फारसे कमी होत नाही, परंतु ते कोणा एका शेजाऱ्याशी कायमचे बांधलेले नसतात. त्यामुळे स्थिर पाण्यात कर्तन प्रतिबल असूच शकत नाही, आणि त्यातून जे निष्पन्न होते तेच द्रवस्थितिशास्त्राचे सार आहे. कर्तन नसल्यामुळे स्थिर पाणी कोणत्याही पृष्ठभागाला फक्त काटकोनात रेटू शकते. म्हणून एखाद्या बिंदूपाशी त्याचा दाब सर्व दिशांना सारखा असतो. आणि म्हणून बंद भांड्यातील द्रवावर एके ठिकाणी दिलेला जादा दाब सर्वत्र तेवढाच पोहोचतो, हा ब्लेझ पास्कल यांचा नियम. खाणीत दगड उपसणाऱ्या पोकलेनचा हात याच नियमावर चालतो. नळीतील तेलाचा दाब ३०० वातावरणांच्या घरात असतो आणि तो दहा सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर पडला की सुमारे २४ टन वजन पेलणारे बल मिळते.

स्थायू आणि द्रायू यांची गल्लत मोठ्या शास्त्रज्ञांकडूनही झालेली आहे. गॅलिलिओ यांचा दोन नव्या विज्ञानांवरील ग्रंथ १६३८ मध्ये लायडन येथे छापला गेला. तुळया कशा मोडतात, मोठ्या प्राण्यांची हाडे प्रमाणाबाहेर जाड का असावी लागतात, याची त्यातील चर्चा आजही वाचनीय आहे. परंतु त्याच ग्रंथात शोषक पंप सुमारे दहा मीटरपेक्षा अधिक उंच पाणी का चढवू शकत नाही या प्रश्नाचे उत्तर चुकले. पाण्याचा स्तंभ लांबत गेला की दोरीप्रमाणे स्वतःच्या वजनाने तुटतो, असे ते स्पष्टीकरण होते. म्हणजे स्थायूची कल्पना जशीच्या तशी द्रवावर लादली गेली. गॅलिलिओंच्या अखेरच्या दिवसांत त्यांच्याजवळ असलेल्या इव्हांजेलिस्टा टॉरिचेली यांनी प्रश्न उलटा केला. पंप पाणी ओढतच नाही. तो नळीतील हवा काढून घेतो आणि बाहेरच्या हवेचे वजन विहिरीतील पाण्याला वर रेटते. पाऱ्याची घनता पाण्याच्या साडेतेरा पटींहून थोडी अधिक असल्याने पारा ७६ सेंटिमीटरच चढला पाहिजे, आणि तो तेवढाच चढला. पुढे १६४८ मध्ये पास्कल यांच्या सूचनेवरून फ्रान्समधील पुई द दोम या डोंगरावर पारा नेण्यात आला, तेव्हा माथ्यावर त्याची उंची कमी भरली.

बुंदेलखंडातील आणि महाराष्ट्रातील विहिरींवर हा वाद आजही प्रत्यक्ष दिसतो. कठीण खडकातील विहिरीत पाणी भेगांतून झिरपते आणि उन्हाळ्यात खोल जाते. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाण्याचा १०.३ मीटर स्तंभ पेलतो. सुमारे २८५ मीटर उंचीवरील झाशीत तो १० मीटरवर येतो आणि साडेतेराशे मीटर उंच महाबळेश्वरात पावणेनऊच्या आसपास. त्यातून पाण्याची वाफ आणि नळीतील घर्षण वजा जाता हातात सहा-सात मीटरच उरतात. म्हणून पाणी उतरू लागले की शेतकरी पंप विहिरीच्या कडेच्या टप्प्यावर खाली उतरवतो. जास्त अश्वशक्तीचा पंप विहिरीच्या काठावर ठेवून हा प्रश्न सुटत नाही, आणि या एका अज्ञानापायी खर्च झालेला पैसा थोडा नसावा. पाण्यात बुडणारा पंप पाण्याला खालून ढकलतो, म्हणून त्याला ही मर्यादा लागू नाही. मोट आणि रहाट यांना तर ती कधीच नव्हती, कारण ती साधने पाणी शोषत नाहीत, उचलतात.

पाण्याचा दाब खोलीबरोबर दर मीटरला सुमारे ९,८०० पास्कलने वाढतो, आणि तो फक्त खोलीवर अवलंबून असतो. धरणामागे तलाव पन्नास किलोमीटर पसरलेला असो की शंभर मीटर, भिंतीवरचा रेटा तोच. तळाशी दाब सर्वाधिक व पृष्ठभागी शून्य असल्याने भिंतीच्या दर मीटर लांबीवरचे एकूण बल खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शंभर मीटर खोल पाणी भिंतीच्या प्रत्येक मीटरवर सुमारे पाच हजार टन वजनाइतक्या बलाने रेटते. बेतवा नदीवरचा परीछा बंधारा असो की कोयनेचे १०३ मीटर उंच धरण, अशी बांधकामे या रेट्याला प्रामुख्याने स्वतःच्या वजनाने उत्तर देतात. अभियंत्याला काळजी घ्यावी लागते ती अशी की वजन आणि रेटा यांचे संयुक्त बल तळाच्या मधल्या तिसऱ्या भागातून जावे, नाहीतर पाण्याच्या बाजूची टाच उचलू पाहते व तेथे ताण निर्माण होतो. आणि ताणाखाली दगड व काँक्रीट काय करतात हे वर आलेच आहे. शिवाय झिरपून तळाखाली शिरलेले पाणी भिंतीला वर उचलते. वर्गात सांगितले जाणारे आर्किमिडीजचे प्लावक बल म्हणजे वेगळे असे काही नाही. वस्तूच्या खालच्या बाजूची खोली अधिक, म्हणून तेथला दाब अधिक, आणि त्या दोन दाबांच्या फरकातून मिळणारे हे ऊर्ध्वगामी बल. ग्रॅनाइटचा दगड पाण्यात बुडवला की त्याचे वजन हवेतील वजनाच्या सुमारे ६२ टक्केच भरते.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला मोठा भूकंप झाला. धरणाच्या उंच खंडांत, माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली, जेथे पाण्याच्या विरुद्ध बाजूचा उतार एकाएकी बदलत होता तेथे आडव्या भेगा पडल्या. आकार जेथे अचानक बदलतो तेथे प्रतिबल एकवटते आणि काँक्रीट ताणाला कच्चे, या दोन्ही गोष्टींची ती ढळढळीत साक्ष होती. धरण उभे राहिले. पुढे त्याच बाजूने आधार बांधून ते बळकट करण्यात आले.

भूकंप हा स्थायू-द्रायू भेदाचा सर्वांत खोल पुरावाही देतो. खडकातून दोन प्रकारच्या लाटा जातात. पहिली दाबाची, ग्रॅनाइटमध्ये सेकंदाला साडेपाच-सहा किलोमीटर धावणारी. दुसरी कर्तनाची, जिच्यात कण लाटेच्या दिशेला आडवे हलतात, आणि जी सुमारे साडेतीन किलोमीटर धावते. १८९७ च्या आसाम भूकंपाच्या नोंदींत या लाटा वेगवेगळ्या ओळखल्या त्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील आर. डी. ओल्डहॅम यांनी, आणि पृथ्वीला गाभा असल्याचे त्यांनीच १९०६ मध्ये दाखवले. कर्तनाला विरोध करणारेच काही नसल्याने द्रायूतून दुसरी लाट जाऊ शकत नाही. ती गाभ्यातून पलीकडे पोहोचत नाही. या व इतर पुराव्यांवरून हॅरल्ड जेफ्रीज यांनी १९२६ मध्ये गाभा द्रवरूप असल्याचे मांडले. सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर कोणी गेलेले नाही, तरी तेथे द्रव आहे हे या एका निकषावरून कळले.

निकष स्वच्छ असला तरी निसर्गात सीमारेषेवरचे पदार्थ आहेत. कोरडी माती उतारावर ठरते, कारण कणांमधील घर्षण कर्तनाला विरोध करते. सततच्या पावसाने कणांच्या पोकळ्यांत पाण्याचा दाब वाढला की कण एकमेकांवर तितक्या जोराने टेकत नाहीत, घर्षण घटते आणि डोंगराचा उतार द्रवासारखा वाहू लागतो. पुणे जिल्ह्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी असेच गाडले गेले. काही पदार्थांत काळाचा हिशेब येतो. क्वीन्सलँड विद्यापीठात टॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगात हातोडीने फुटणारे डांबर नरसाळ्यातून गळते आहे, आणि २०१४ पर्यंत त्याचे अवघे नऊ थेंब पडले. घाव क्षणभराचा असला तर ते स्थायू, वाट दहा वर्षांची असली तर द्रव.

वाहण्याला होणाऱ्या या विरोधाला विष्यंदिता म्हणतात. द्रायू स्थिर असताना कर्तन पेलत नाही, पण थर वेगवेगळ्या गतीने सरकत असताना त्यांच्यात ओढ असते. हवेतही ती आहे, आणि झाशीच्या परिसरातील खडी केंद्रांवर काम करणाऱ्यांच्या दृष्टीने या व्याख्यानातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. क्रशरच्या जबड्यात ग्रॅनाइट भरडला जातो तेव्हा खडीबरोबर निरनिराळ्या आकारांची धूळ उडते. जॉर्ज स्टोक्स यांच्या नियमानुसार सूक्ष्म गोल कणाची पडण्याची अंतिम गती त्याच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दहा मायक्रॉन व्यासाचा ग्रॅनाइटचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे आठ मिलिमीटर खाली येतो, म्हणजे दहा मीटर उतरायला त्याला वीस मिनिटे लागतात. दोन मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी साडेआठ तासांहून अधिक वेळ लागतो, आणि वारा असल्यास तो खाली येतच नाही. जी धूळ डोळ्यांत जाते व कपड्यांवर दिसते ती जाड आणि लवकर बसणारी. न दिसणारी, क्वार्ट्झचे कण असलेली बारीक धूळ फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत जाते, तेथे राहते आणि सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार जडवते.

उपायही त्याच नियमात आहे. पाण्याच्या थेंबांनी कण एकमेकांना चिकटले आणि व्यास दसपट झाला, तर पडण्याची गती जवळपास शंभरपट होते. मात्र मोकळ्या हवेत पसरलेल्या सूक्ष्म कणांना गाठणे अवघड, कारण हवेचा प्रवाह थेंबाला वळसा घालून जातो आणि हलके कण त्या प्रवाहाबरोबर निसटतात. म्हणून पाण्याचा फवारा आवारात किंवा रस्त्यावर मारून भागत नाही. तो क्रशरच्या तोंडाशी, दगड फुटण्याआधी आणि फुटतानाच बसवलेला असला पाहिजे, पट्टे झाकलेले असले पाहिजेत, आणि हवा स्वच्छ दिसू लागली तरी काम थांबेपर्यंत नाकावरचा धूळरोधक मुखवटा उतरवू नये.